न्यायवैद्यक कथामालेचा वाचक आणि त्याचा निर्णय : स्कार्पेटा-मालेच्या निमित्ताने

१

वाङ्मयकृतीविषयी सामान्य वाचक जी मते व्यक्त करतो त्यांना समीक्षेत कितपत स्थान द्यावे, हा प्रश्न जुना आहे. या मतांचा आपल्याकडे सहसा दोन प्रकारे निकाल लावला जातो. ती केवळ आवडीनिवडीची असतात, म्हणून शास्त्रीय विवेचनाच्या कक्षेत येत नाहीत, असे एक पक्ष म्हणतो. लोकप्रियतेची मोजदाद करावयास ती उपयोगी असली तरी कृतीच्या मूल्याशी त्यांचा संबंध नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्षांत एक गृहीत समान आहे : वाचक आपले मत सांगतो तेव्हा तो स्वतःविषयी सांगतो, कृतीविषयी नव्हे. हे गृहीत निदान एका वाङ्मयप्रकाराच्या बाबतीत टिकत नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रकार म्हणजे दीर्घकाळ चालणारी, न्यायवैद्यकशास्त्रावर आधारलेली गुन्हेकथांची माला होय.

विवेचनासाठी पॅट्रिशिया कॉर्नवेल या अमेरिकन लेखिकेची डॉ. के स्कार्पेटा हिच्याविषयीची माला निवडली आहे. या निवडीस दोन कारणे आहेत. १९९० साली सुरू झालेली ही माला २०२४ पर्यंत २८ कादंबऱ्यांपर्यंत पोहोचली आणि त्यानंतरही पुढे चालू राहिली. एवढ्या कालावधीत एकच वाचकवर्ग लेखिकेबरोबर वाढला, रुसला, काही अंशी दुरावला आणि काही अंशी परतला. दुसरे असे की, या मालेविषयी वाचकांत जे मतभेद आहेत त्यांचे स्वरूप विलक्षण सुसंगत आहे. वाचनमंडळांत, ग्रंथालयांतील चर्चांत आणि नियतकालिकांकडे येणाऱ्या अभिप्रायांत त्याच त्या चार-पाच तक्रारी पुन्हा पुन्हा आढळतात. परस्परांशी परिचय नसलेले लोक एकाच ठिकाणी अडखळत असतील, तर तेथे वाटेतच काही दोष असला पाहिजे, असा तर्क करणे अयोग्य ठरू नये.

२

मालेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. श्रीमती कॉर्नवेल यांनी प्रथम उत्तर कॅरोलायना राज्यातील ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात गुन्हेविषयक वार्ताहर म्हणून काम केले. त्यानंतर व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड येथील मुख्य वैद्यकीय परीक्षकाच्या कार्यालयात, प्रथम तांत्रिक लेखनाचे आणि पुढे संगणकाचे काम करीत, त्यांनी सुमारे सहा वर्षे काढली. या पदाची कल्पना आपणांस फारशी परिचित नाही. मुंबईत १९९९ पर्यंत कॉरोनरचे पद होते. त्याचे काम संशयास्पद मृत्यूची चौकशी करण्याचे असे. व्हर्जिनियातील वैद्यकीय परीक्षक हा स्वतः शवविच्छेदनाचा तज्ज्ञ डॉक्टर असतो आणि तो पोलिसांच्या अधीन नसतो. त्याचा निष्कर्ष पोलिसांना गैरसोयीचा असू शकतो. कथेच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची ठरली. या कार्यालयातील डॉ. मार्सेला फिएरो या स्कार्पेटाच्या पात्रामागील प्रेरणा असल्याचे सर्वश्रुत आहे.

‘पोस्टमॉर्टेम’ (१९९०) ही पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांकडून नाकारली जाऊन अखेरीस प्रसिद्ध झाली आणि पहिल्या कादंबरीस मिळणारे एडगर, क्रीझी, अँथनी व मॅकॅव्हिटी हे चारही सन्मान तिला लाभले. रिचमंडमध्ये एक अज्ञात मनुष्य रात्री घरांत शिरून एकट्या राहणाऱ्या स्त्रियांचा गळा आवळून खून करतो, हे तिचे कथासूत्र. १९८७ साली त्याच शहरात व परिसरात घडलेल्या टिमथी स्पेन्सरच्या गुन्ह्यांची छाया त्यावर आहे. १९९३ च्या ‘क्रुएल अँड अनयूज्वल’ या चौथ्या कादंबरीस इंग्लंडमधील गुन्हेकथालेखकांच्या संघाचे सुवर्ण खंजिराचे पारितोषिक मिळाले. आरंभीच्या या पाच-सहा कादंबऱ्यांविषयी वाचकांचे जवळजवळ एकमत आहे. त्या उत्कृष्ट आहेत, असे या मालेचा भक्तही म्हणतो आणि तिच्यावर रागावलेला वाचकही म्हणतो.

हे एकमत कशाविषयीचे आहे? केवळ रहस्याविषयी नव्हे. उलट ‘पोस्टमॉर्टेम’चा खुनी पोलिसांच्या दूरध्वनी-कक्षात काम करणारा असून कथानकात तो अखेरपर्यंत जवळजवळ अनुपस्थित आहे. अभिजात इंग्रजी रहस्यकथेचा नियम असा की, खुनी हा वाचकाच्या डोळ्यांसमोर वावरणाऱ्या पात्रांपैकीच असला पाहिजे. हा नियम येथे उघडपणे मोडला आहे आणि तरीही वाचकांनी ते सहन केले. याचा अर्थ, वाचकाने लेखिकेशी केलेला करार वेगळा होता. ‘खुनी ओळखण्याची संधी दे’ असे तो म्हणत नव्हता. ‘मृतदेहापासून सत्यापर्यंत कसे जातात ते दाखव’ असे तो म्हणत होता. कातडीवर चमकणारे कण कोठून आले, एखादा विशिष्ट गंध कोणत्या व्याधीचा, दोरीच्या गाठीवरून काय समजते, अशा लहान लहान पायऱ्यांनी ही कादंबरी चढत जाते. प्रत्येक पायरीवर कथनाची सूत्रे एकाच व्यक्तीच्या हाती असतात. ती स्वतः थकलेली आहे. पुरुषांच्या कार्यालयात तिच्यावर संशय घेतला जातो. रात्री घरी येऊन ती इटालियन पद्धतीचा स्वयंपाक करते. शवागार आणि स्वयंपाकघर यांचे हे सान्निध्य वाचकांना विशेष आवडते. श्रीमती कॉर्नवेल यांनी २००१ मध्ये या पाककृतींचे एक स्वतंत्र पुस्तकही काढले.

रसचर्चेच्या परिभाषेत बोलावयाचे तर जुगुप्सा हा येथील नित्य उपस्थित भाव होय. तथापि तो स्वतंत्रपणे परिपुष्ट होत नाही. निवेदिकेच्या कर्तव्यबुद्धीने तो सतत नियंत्रित होतो. शव हे तिच्या लेखी किळस आणणारी वस्तू नसून अखेरचा रुग्ण आहे. केळकरांनी वाङ्मयानंदाच्या स्पष्टीकरणासाठी ‘सविकल्प समाधी’ ही संज्ञा योजली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान सोडीत नाही. प्रथमपुरुषी निवेदनामुळे शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहण्याचे सामर्थ्य वाचकास येते, ते याच प्रकाराने. तो स्कार्पेटाच्या डोळ्यांनी पाहतो म्हणून पाहू शकतो.

३

आता तक्रारींकडे वळू. त्यांपैकी दोन मूलगामी आहेत. इतर बऱ्याचशा त्यांतूनच निष्पन्न होतात.

पहिली तक्रार निवेदनपद्धतीतील बदलाविषयी आहे. ‘द लास्ट प्रीसिंक्ट’ (२०००) ही अकरावी कादंबरी. तिच्यापर्यंत मालेचे निवेदन स्कार्पेटाच्या मुखातून होते. तीन वर्षांच्या खंडानंतर ‘ब्लो फ्लाय’ (२००३) आली ती तृतीयपुरुषी आणि वर्तमानकाळी निवेदन घेऊन. खुनी, त्याचे साथीदार, स्कार्पेटाची भाची लूसी, पोलिस अधिकारी मरीनो, अशा अनेकांच्या मनांत आता कथा शिरू लागली. ‘द स्कार्पेटा फॅक्टर’पर्यंत (२००९) सहा कादंबऱ्या तृतीयपुरुषात झाल्या आणि ‘पोर्ट मॉर्च्युअरी’त (२०१०) लेखिकेने पुन्हा ‘मी’चा स्वीकार केला. याच सुमारास नायिकेचे वयही मागे आणून ठेवण्यात आले.

वाचक या बदलाविषयी बोलताना ‘कंटाळवाणे झाले’, ‘आपली स्कार्पेटा राहिली नाही’ अशी साधी भाषा वापरतात. या भाषेमागे जो निर्णय आहे तो रूपतत्त्वाविषयीचा आहे. तृतीयपुरुषी निवेदन स्वभावतः गौण आहे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु या मालेत प्रथमपुरुष हे केवळ निवेदनाचे साधन नव्हते. ते मृतदेहाकडे पाहण्याच्या अधिकाराचे प्रमाणपत्र होते. ते काढून घेताच तेच वर्णन नुसते वर्णन उरले. खुन्याच्या मनातून पाहिलेला मृतदेह आणि डॉक्टरच्या नजरेतून पाहिलेला मृतदेह यांत जो नैतिक भेद आहे, तो वाचकाला सिद्धांत म्हणून सांगता आला नसेल. त्याने तो अस्वस्थतेच्या रूपाने अचूक नोंदविला. जुगुप्सेवरील नियंत्रण सुटले आणि तीच प्रमुख झाली, असे आपण आपल्या परिभाषेत म्हणू. क्रौर्य वाढल्याची जी तक्रार या काळातील कादंबऱ्यांविषयी वारंवार ऐकू येते, तिचे मूळ क्रौर्याच्या प्रमाणात जेवढे आहे त्याहून अधिक दृष्टिकोनाच्या या स्थलांतरात आहे. सुरुवातीच्या कादंबऱ्यांतील गुन्हे काही कमी क्रूर नव्हते.

दुसरी तक्रार बेंटन वेस्लीच्या पुनरागमनाविषयीची. वेस्ली हा संघीय अन्वेषण विभागातील गुन्हेगारांच्या मनोव्यापारांचा अभ्यासक आणि स्कार्पेटाचा प्रियकर. ‘पॉइंट ऑफ ओरिजिन’मध्ये (१९९८) त्याचा खून होतो, आगीत जळालेल्या अवशेषांवरून त्याचा मृत्यू निश्चित मानला जातो. पुढील दोन कादंबऱ्यांत स्कार्पेटाचा शोक हा कथेचा गाभा बनतो आणि तो शोक अनेक वाचकांना हृदयस्पर्शी वाटला. ‘ब्लो फ्लाय’मध्ये मात्र वेस्ली जिवंत असल्याचे, त्याचा मृत्यू हा सुरक्षिततेसाठी रचलेला देखावा असल्याचे, आणि मरीनो व लूसी यांना ते ठाऊक असल्याचे उघड होते.

येथे एक आक्षेप संभवतो. रहस्यकथेत मृत पात्र परत येणे नवीन नाही. शेरलॉक होम्स १८९३ मध्ये रायशेनबाखच्या धबधब्यात नाहीसा झाला आणि १९०३ मध्ये परतला, तेव्हा वाचकांनी आनंदाने त्याचे स्वागत केले. किंबहुना तो परत यावा म्हणून त्यांनीच आग्रह धरला होता. मग वेस्लीच्या बाबतीत रोष का? या प्रश्नाचे उत्तर दोन मालांच्या घडणीत आहे. होम्सचा मृतदेह कोणीच पाहिला नव्हता. पावलांचे ठसे, एक चिठ्ठी आणि मागे राहिलेली काठी यांवरून वॉटसनने केलेले ते अनुमान होते, आणि वॉटसनची अनुमाने चुकावीत हा तर त्या मालेचा पायाच आहे. म्हणून होम्सच्या परतण्याने मालेचा नियम मोडत नाही. तो आणखी दृढ होतो. स्कार्पेटा-मालेत फसविली जाणारी व्यक्ती वॉटसन नसून स्वतः शास्त्रज्ञ आहे, आणि फसवणुकीचे साधन आहे मृतदेह. मृत माणूस खोटे बोलत नाही, या एका श्रद्धेवर सारी इमारत उभी होती. लेखिकेने ती श्रद्धाच कथानकाच्या सोयीसाठी खर्ची घातली. यानंतरच्या कोणत्याही कादंबरीत एखादे शव टेबलावर आले की वाचकाच्या मनात शंका येणारच : हा तरी खरोखर मेला आहे काय? अशी शंका ज्या कथामालेत उत्पन्न होते तिला न्यायवैद्यक कथामाला म्हणणे कठीण.

संस्कृत साहित्यशास्त्रातील औचित्याची कल्पना येथे उपयोगी पडते. घटना संभवनीय आहे की नाही, एवढाच प्रश्न नसतो. ती या प्रबंधात, या अंगीभूत रचनेत उचित आहे की नाही, हा प्रश्न असतो. साक्षीदारांना नाव बदलून लपविण्याची व्यवस्था अमेरिकेत आहे. तेव्हा वेस्लीचे जगणे सर्वथा असंभाव्य नव्हे. ते अनुचित आहे. वाचक ‘असे घडूच शकत नाही’ असे म्हणतो तेव्हा त्याचा रोख संभवनीयतेवर दिसतो. पण त्याला म्हणावयाचे असते ते ‘येथे असे घडता कामा नये’.

उर्वरित तक्रारी या दोहोंच्या अनुषंगाने समजतात. लूसी पहिल्या कादंबरीत दहा वर्षांची हुशार आणि एकाकी मुलगी आहे. पुढे ती संगणकतज्ज्ञ, संघीय अधिकारी, वैमानिक आणि गडगंज श्रीमंत होते. तिला अशक्य असे काही उरत नाही, आणि ज्या कथेत एक पात्र सर्व काही करू शकते तेथे पुराव्याची गरजच संपते. शेवट घाईने गुंडाळल्याची तक्रारही अशीच. पायऱ्या कमी झाल्या म्हणून उडी मारावी लागली.

४

प्रतिपक्षाची बाजूही मांडली पाहिजे. बराच मोठा वाचकवर्ग या साऱ्या उलथापालथींनंतरही मालेला धरून राहिला. पाच वर्षांच्या विरामानंतर ‘ऑटॉप्सी’ (२०२१) आली. तिच्यात स्कार्पेटा पुन्हा व्हर्जिनियात, पुन्हा मुख्य वैद्यकीय परीक्षकाच्या पदावर येते; आणि तिचे स्वागत करणारे जुने वाचक थोडे नव्हते. या निष्ठावंतांचे म्हणणे असे : माला जसजशी लांबते तसतशी ती चौकशीची कथा राहत नाही, ती एका कुटुंबाची बखर होते. स्कार्पेटा, वेस्ली, मरीनो आणि लूसी हे चौघे रक्ताच्या नात्याने पूर्णपणे जोडलेले नाहीत. तरी ते एक घर आहे. त्यांचे वाद, त्यांचे परस्परांना दुखावणे आणि तरीही एकत्र जेवावयास बसणे, यासाठी आम्ही वाचतो. खून हे निमित्त आहे.

हे म्हणणे दुर्लक्षणीय नाही. दीर्घ मालेचा काळ हा कादंबरीच्या काळाहून भिन्न असतो. पहिली कादंबरी तिशीत वाचणारा मनुष्य ताजी कादंबरी साठी ओलांडून वाचतो. त्याचे स्वतःचे आयुष्य त्या पात्रांच्या आयुष्याशी गुंफले जाते. तथापि हाच युक्तिवाद लेखिकेच्या विरुद्धही जातो. कुटुंबाची बखर म्हणून वाचावयाचे तर पात्रांचे वय मागे नेणे आणि त्यांच्या शोकाला लटके ठरविणे हे अधिकच गंभीर दोष ठरतात. ‘बुक ऑफ द डेड’मध्ये (२००७) मरीनो स्कार्पेटावर हात टाकतो. हा प्रसंग निष्ठावंत वाचकांना विशेष लागला, याचे कारणही हेच. रांगडा, विचित्र, पण विश्वासू असा जो मनुष्य त्यांनी पंधरा पुस्तकांत ओळखला होता, त्याच्या ओळखीला धक्का बसला. येथे मात्र मला लेखिकेचा पक्ष अधिक बळकट वाटतो. मरीनोच्या स्वभावातील असूया आणि आसक्ती पहिल्या कादंबरीपासून सूचित झालेली आहे; तिचा स्फोट दुःखद असला तरी अकारण नाही. वाचकाचा प्रत्येक रोष हा वाङ्मयीन दोषाचा पुरावा नसतो. वेस्लीचे परतणे आणि मरीनोचे घसरणे या दोहोंवर वाचक सारखाच रागावला. त्यांपैकी पहिल्याला रचनेचा आधार नव्हता, दुसऱ्याला होता. हा भेद करून देणे हेच समीक्षकाचे काम, आणि तो भेद करण्यासाठी वाचकाचा राग त्याच्यासमोर असावा लागतो.

५

आतापर्यंतच्या विवेचनात वाचकाची निंदा बहुतांशी ग्राह्य ठरली. त्याची स्तुती मात्र अधिक तपासून घेतली पाहिजे. आरंभीच्या कादंबऱ्या त्याला प्रिय आहेत, कारण त्यांत विज्ञान कधी चुकत नाही. मनुष्ये खोटे बोलतात, अधिकारी कारस्थाने करतात. सूक्ष्मदर्शकाखालचा तंतू मात्र सत्य सांगतो. हे समाधान वाङ्मयीन दृष्ट्या कितीही मोहक असले तरी ते ज्या वास्तवातून आले ते वास्तव एवढे सरळ नव्हते.

‘पोस्टमॉर्टेम’ज्या गुन्ह्यांच्या छायेत लिहिली गेली त्यांचाच इतिहास पाहावा. डी.एन.ए.च्या पुराव्यावर मृत्युदंड झालेला स्पेन्सर हा अमेरिकेतील पहिला आरोपी; १९८८ मध्ये तो दोषी ठरला आणि १९९४ मध्ये त्याला देहांत शिक्षा देण्यात आली. विज्ञानाचा हा मोठाच विजय होता. परंतु १९८४ साली आर्लिंग्टन येथे झालेल्या तशाच एका खुनाबद्दल त्यापूर्वीच दुसरा एक निरपराध मनुष्य तुरुंगात गेला होता. पोलिसांच्या प्रश्नांपुढे त्याने दिलेल्या गोंधळलेल्या जबान्यांना बळकटी आणण्यासाठी केसांच्या सूक्ष्मदर्शकीय साम्याचा पुरावा वापरला गेला. स्पेन्सरचा माग लागल्यानंतर, १९८९ मध्ये, त्यास क्षमादान मिळून त्याची सुटका झाली. म्हणजे ज्या शास्त्राने एक गुन्हेगार पकडला, त्याच शास्त्राच्या नावाने एक निर्दोष मनुष्य डांबला गेला होता. पुढे २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने स्पष्ट केले की, डी.एन.ए.ची पद्धती वगळता इतर कोणतीही न्यायवैज्ञानिक पद्धती एखादा पुरावा एका विशिष्ट व्यक्तीशी निश्चितपणे जोडू शकते, असे काटेकोरपणे सिद्ध झालेले नाही. आणि २०१५ मध्ये संघीय अन्वेषण विभागाने मान्य केले की, केसांच्या तुलनेविषयी आपल्या तज्ज्ञांनी दिलेल्या साक्षींपैकी तपासलेल्या बहुसंख्य साक्षी सदोष होत्या.

या दृष्टीने न्यायवैद्यक कथेचा आरंभ अधिक सावध होता, ही लक्षणीय गोष्ट आहे. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज डॉक्टर-लेखकाची डॉ. थॉर्नडाइकविषयीची माला १९०७ ते १९४२ अशी पस्तीस वर्षे चालली. तिची पहिलीच कादंबरी ‘द रेड थम्ब मार्क’ अंगठ्याचा ठसा बनावट असू शकतो, या शंकेवर उभी आहे. पुराव्याला अचूक मानणाऱ्या न्यायालयापुढे थॉर्नडाइक प्रयोग करून दाखवितो. शास्त्रज्ञ हा तेथे शास्त्रावरील अंधश्रद्धेचा विरोधक आहे. स्कार्पेटा-मालेच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञ स्वतःच श्रद्धास्थान बनला. श्रीमती कॉर्नवेल यांनी २००२ मध्ये ‘जॅक द रिपर’ म्हणजे चित्रकार वॉल्टर सिकर्ट होय, असे सिद्ध करण्यासाठी जुन्या पत्रांच्या डी.एन.ए. चाचण्यांचा आधार घेतला आणि प्रकरण मिटल्याचे पुस्तकाच्या नावातच जाहीर केले. अभ्यासकांना ते पटले नाही. कथेतील निश्चिती वास्तवात आणू पाहिली की काय होते, याचे ते उदाहरण मानता येईल.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. अमेरिकेत या कथांचा वाचकच उद्या पंचाच्या आसनावर बसतो, आणि तेथे तज्ज्ञाच्या साक्षीकडे तो कोणत्या नजरेने पाहील, हे काही अंशी त्याच्या वाचनाने घडविलेले असते. म्हणून ‘पूर्वीची पुस्तके बरी होती’ या त्याच्या मतातील दोन घटक वेगळे करणे अगत्याचे वाटते. पूर्वीची पुस्तके पायरीपायरीने चढत होती, हे खरे. आणि ते गुण म्हणून स्वीकारावे. पूर्वीच्या पुस्तकांत पायरी कधी ढासळत नव्हती, हेही खरे; परंतु तो गुण नव्हे.

६

वरील विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. वाचकांची मते ही समीक्षा नव्हे. पण ती समीक्षेची साक्ष आहे. शवविच्छेदकाने जखम कोठे आहे हे पाहावे, ती कशाने झाली हे ठरवावे आणि मगच मृत्यूचे कारण लिहावे. त्याप्रमाणे वाचक कोठे दुखावला हे पाहणे ही समीक्षकाची पहिली पायरी होय. वाचक जे कारण सांगतो ते अखेरचे मानावयाचे नसते. तो जागा मात्र सहसा चुकवीत नाही.

मराठीपुरते पाहिले तर एक खंत नोंदविणे भाग आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या माला एका पिढीने फिरत्या वाचनालयांतून अक्षरशः झिजविल्या. त्या वाचकाने कोणत्या पुस्तकापाशी हात आखडता घेतला आणि का, याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासाने ठेवली नाही, कारण तो वाचक आपणांस विचारण्याजोगा वाटला नाही. ज्यांनी त्या कथा बालपणी वाचल्या त्यांच्यापैकी अनेक जण अद्याप आपल्यात आहेत. पदव्युत्तर संशोधनाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम त्यांच्याकडे जावे. त्यांच्या उत्तरांतून अर्नाळकरांविषयी जेवढे कळेल, तेवढेच रहस्यकथेच्या रूपाविषयीही कळेल.